धरण हललं नाही, नदी हलली

वेस्ट विंडसर, न्यू जर्सी

तीर्थस्वरूप विनयकाकांना,

नेत्राचा सविनय (आणि सध्या चिखलाच्या हातांनी) नमस्कार. काकूंचा गुडघा कसा आहे? तुमचं बीपी? आम्ही मजेत आहोत. तुमचा जावई परीक्षित ऑफिसला जातो आणि मी धरण बांधते.

दचकू नका. इथे जवळच एक छोटी नदी आहे आणि तिच्या काठी एकोणिसाव्या शतकातली पिठाची गिरणी. (पाण्यावर चालणारी. जुनं धरण पुरात गेल्यापासून चाक बंद.) ती पुन्हा चालवायला गावातल्या हौशी लोकांनी कमिटी केली आहे. मीटिंगमध्ये मी सहज म्हणाले की माझे काका पाटबंधारे खात्यात होते. इथली माणसं भाबडी हो. लगेच टाळ्या, आणि धरणाचं काम माझ्याकडे! सरकारी परवानगी आधीच आली होती, मग नाही कशाला म्हणायचं?

ओंडक्यांच्या पेट्या करून त्यांत दगड भरले, पुढून फळ्या ठोकल्या. परीक्षित काठावरून म्हणाला, "नेत्रा, इथली माती भुसभुशीत वाटतेय." (तो सॉफ्टवेअर टेस्टिंगमधला. त्याला सगळीकडे बग दिसतात.) मी इग्नोर केलं.

उद्घाटनाला सगळा गाव जमला. पाणी झकास चढलं. मग काठ खचला आणि नदी धरणाला वळसा घालून पिकनिकच्या हिरवळीवरून, बटाट्याच्या सॅलडसकट, निघून गेली. काका, अभिमानाने सांगते, धरण इंचभरही हललं नाही. हलली ती नदी.

कमिटीच्या अध्यक्षा हेलनबाई घोटाभर पाण्यात खुर्चीवर तशाच बसून होत्या. त्यांच्या पणजोबांची ही गिरणी. चाक फिरताना एकदा बघायचं, एवढीच इच्छा. त्यांनी हळूच विचारलं, "आता गं?" मी आवाज खणखणीत ठेवला. "आता काठ बांधायचा."

परीक्षितनेच आधी पँट दुमडली. दर वीकएंडला आम्ही दगड-माती भरत धरणाची भिंत काठात पार टणक जमिनीपर्यंत नेली. गेल्या रविवारी चाकाकडे पाणी सोडणारी झडप उघडली. चाक कुरकुरलं, अडलं आणि फिरलं! हेलनबाईंनी मक्याचं कोमट पीठ मुठीत घेतलं आणि कितीतरी वेळ मूठ उघडलीच नाही. उरलेल्या पिठाच्या मी भाकऱ्या थापल्या. मोडल्या, पण चव उत्तम.

काकूंना नमस्कार. तब्येतीला जपा.

तुमची,
नेत्रा

ता. क. शेजारच्या काउंटीतल्या गिरणीवाल्यांनीही बोलावलंय. मी हो म्हटलं. त्यांची नदी जरा रुंद आहे. (बोटी चालतात.)

ता. क. २. पत्र मिळताच फोन करा, परीक्षित ऑफिसात असताना. धरणाला पाया किती खोल लागतो? आमच्या धरणाला तो आहे का, हे मी अजून कुणाला विचारू दिलेलं नाही.