झडती बेकायदा ठरली

जळगाव, ९ फेब्रुवारी २०२५

ती. मननभाऊस,
विधीचा जय जिनेंद्र. माझा फोन पोलिसांकडे आहे, म्हणून पत्र.

रोनकच्या दुकानात गुटखा असल्याचं कुणी तरी कळवलं. तिथे काही सापडलं नाही, तर पोलीस घरात शिरले. वॉरंट विचारलं तर फौजदार हसला. माझं कपाट उपसलं, रुचीवर ओरडून तिला रडवलं आणि माझ्याकडून पासवर्ड घेतला. मग डॉक्टरीणबाईंना लिहिलेले माझे मेसेज रोनकच्या बाबूजींसमोर, पंच म्हणून आणलेल्या शेजारच्या रुपचंदकाकांसमोर मोठ्यानं वाचले. गर्भ पाडल्याचे. रुचीच्या वेळी मी मरता मरता वाचले, तरी सासरी सगळ्यांना मुलगा हवाच होता, म्हणून मी गुपचूप पाडला, हे तुला एकट्याला ठाऊक आहे.

मी सांगितलं, मैत्रिणीनं माझ्या फोनवरून लिहिलं होतं. बाबूजींनी मानलं, रोनकनंही. भाऊ, कोर्टात एवढा ओरडतोस, एकदा त्या फौजदारावर ओरड आणि फक्त फोन आणून दे. वहिनींचे पापड पोचले. लोभ आहेच.
तुझी विधी

धुळे, १३ फेब्रुवारी

चि. विधीस,
आशीर्वाद. पत्र वाचून जेवण गेलं नाही. वॉरंट नाही, झडतीचं चित्रीकरण नाही, पोरीला धाक दाखवून पासवर्ड! घटनेच्या एकविसाव्या कलमात माणसाचं खासगी आयुष्य येतं, हे त्याला हायकोर्टात शिकवतो. नुसता फोन मागून भागायचं नाही. गर्भपाताला नवऱ्याची परवानगी लागत नाही, तेव्हा लपवायचं काय? सोबतच्या कागदांवर सह्या कर. इंग्रजी आहे, वाचत बसू नकोस. तुझी वहिनी म्हणते, वकिलाची बहीण आणि रडते काय! घरी सर्वांना नमस्कार, रुचीला पापा.
तुझा मननभाऊ

धुळे, २४ जून

चि. विधीस,
जिंकलो! झडती बेकायदा ठरली. फौजदाराची चौकशी लागली, फोन परत मिळेल. पेपरात माझं नाव आलं, बाररूममध्ये पेढे वाटले. तुझं पत्र का नाही? मोठी झालीस म्हणून भावाला विसरलीस? खुशाली कळव.
मननभाऊ

धरणगाव, २ जुलै

मननभाऊस,
मी आता मावशीकडे असते.

पोलिसांनी कोर्टात सांगितलं होतं, मेसेज आम्ही उघडलेच नाहीत. ते खोटं मला वाचवत होतं. तू माझ्या सहीनं शपथेवर लिहिलंस की ते वाचले, आणि ते माझेच. वर डॉक्टरीणबाईंकडून मागून घेऊन ते छापून जोडलेस. रोनकच्या वकिलानं तेच कागद घटस्फोटाच्या नोटिशीला लावलेत. बाबूजींनी त्यांचं मराठी करून घेतलं आणि भाऊबंदांना बसवून रोनककडून वाचून घेतलं. फौजदारानं चार ओळी वाचल्या होत्या. रोनकनं बठ्ठं, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, मला समोर उभं करून.

रुचीला त्यांनी ठेवून घेतलंय. रविवारी फाटकापर्यंत गेले. ती धावत आली, गजाला धरून उभी राहिली. मला वाटलं, आई म्हणेल. तिनं विचारलं, माझ्या भावाला तू का मारलंस.

वहिनींना नमस्कार. माझ्यावरचा लोभ आता आवरता घे.
विधी