कावूचं दळण

७ जुलै, सोमवार
संभाजीनगरहून आत्ता आलो. पोटात दुर्बीण घातली होती, तिचा रिपोर्ट मिळाला. कावूला गहू चालत न्हाई.
गव्हातलं कायतरी तिच्या आतड्याला बाधतं, आतडं आतून झिजतं, मग खाल्लेलं अंगी लागत न्हाई. आठ वर्षांची पोर, वजन पंधरा किलो दोनशे ग्रॅम. तीन वर्षं आम्ही जंताचं औषध पाजत बसलो.
विचारलं, किती दिवस बंद ठेवायचा? डॉक्टरबाई म्हणाल्या, "दिवस नाही हो. कायमचा. कणभरसुद्धा नाही." मग फॉर्म भरता भरता, "तुम्ही काय करता?"
म्हणलं, पिठाची गिरणी हाय धारूरला. घर गिरणीच्या मागंच.
त्यांनी पेन खाली ठेवला.
रोज काय खाल्लं, पोट कसं, वजन, सगळं लिहायला सांगितलंय. खताच्या दुकानातनं मिळालेली डायरी कोरीच पडली होती. हीच.

८ जुलै
सकाळी ज्वारीची भाकरी, दूध. दुपारी भात, मुगाचं वरण. पोट : शौचाला दोनदा.
चार वाजता नेहमीसारखा चहा मागितला, खारी मागितली. चहा दिला. खारी आता न्हाई म्हणल्यावर कप तसाच ठेवून बाहेर गेली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.
मंदानं घरातला गहू, रवा, मैदा, शेवया सगळं बांधून माहेरी पाठवलं. कुरडयांचा डबा हातात धरून म्हणाली, "तुमाला लई आवडतात. तुमच्यापुरत्या ठेवू का?" नको म्हणलं. घरात तिघांनीपण भाकरीच खायची.
हिंगाची डबीपण गेली. हिंगात गव्हाचं पीठ घालतात, हे मला आज कळलं. वीस वर्षं पीठ दळतोय.

११ जुलै
ज्वारीचा दगड वेगळा, गव्हाचा वेगळा. म्हणून तिची ज्वारी आपल्याच गिरणीत दळत होतो, निर्धास्त.
आज दुपारी पत्र्याच्या फटीतनं ऊन आलं. गव्हाकडचं पीठ त्या उन्हात तरंगत होतं आणि सावकाश ज्वारीच्या दगडाच्या तोंडावर बसत होतं. बघत उभा राहिलो. मोटर बंद केली. गिऱ्हाईक म्हणालं, "लाईट गेली का?"
हेच पीठ घरात जातं. माझ्या केसातनं, शर्टातनं. भांड्यावर, गादीवर.

१३ जुलै
शकीलभाई आले मोटर बघायला. त्यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, बिडी विझवली. म्हणाले, "तिचं दळण माझ्याकडं. जुनी घरगुती चक्की पडलीय, नवे दगड टाकून जोडून देतो. माझ्या गॅरेजात ग्रीस असंल दत्तूभाऊ, गहू न्हाई."
उद्यापासून मंदा तिकडं जाऊन दळणार.

२२ ऑगस्ट, पोळा
पुरणपोळीशिवाय कावूचा पोळा न्हाई. मंदानं तांदळाच्या पिठाची केली, तव्यावर फुटली. ज्वारीची केली, तीपण फुटली. पुरण तव्याला लागलं, घरभर धूर. शेवटी तांदळाची उकड काढून त्यात पुरण भरलं आणि वाफवलं. कावू म्हणाली, "ही काय पोळी हाय का!" आणि दोन खाल्ल्या. तूप घालून.
वजन १५.९. पोट आठ दिवस झाले एकदाच.
आनंद झाला की लगेच भीती वाटते. कुणीतरी ऐकंल असं.

३० ऑगस्ट
रक्त कमी म्हणून डॉक्टरबाईंनी चहा बंद करायला सांगितला, फोनवर. चहाच्या जागी काय? मेडिकलमधून दुधात घालायची चॉकलेटची पूड आणली. दुकानदार म्हणाला, वजन वाढतं, सगळे नेतात. कावूला लई आवडली. दुधाच्या मिशा चाटत होती. सकाळ-संध्याकाळ सुरू.

१९ सप्टेंबर
पोट बिघडलं. चार वेळा.
काय खाल्लं? भाकरी, भेंडी, भात, दूध. शाळेतली खिचडी. शाळेतल्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या तांदूळच हाय, दुसरं काही न्हाई.

२३ सप्टें.
व. १५.१. जुलैपेक्षा कमी.
पोट टम्म. पायाच्या काड्या. शाळेत जाववत न्हाई.
मंदा म्हणाली, "तुमी खरंच आंघोळ करून घरात येता का?" येतो. दोनदा करतो. तरी उत्तर देताना आवाज चढला माझा. मग ती रडली, मग मी भाकरी तशीच सोडून उठलो.
तिसऱ्या प्रहरी कावू गिरणीच्या दारात आली. पप्पा म्हणत आत पाय टाकणार, मी जोरात ओरडलो, थांब तिथंच! जागेवर गोठली पोरगी. "माझं चुकलं का पप्पा?"
जवळ पण घेता येईना. अंगभर पीठ.

२६ सप्टें.
गव्हाचा दगड बंद केला. पाटी लिहिली, फक्त ज्वारी, बाजरी.
लोक पाटी वाचतात, पोतं डोक्यावर तसंच, आणि पुढच्या गिरणीत जातात. समोरच्या काकू : "पोरीपायी धंदा घालवतो का रे? लेकरं काय, होतात मोठी." होतात का मोठी? सगळीच?

२९ सप्टें.
दगड बंद करून तीन दिवस झाले. फरक न्हाई. आज पाच वेळा. ओठ पांढरे.
डॉक्टरबाईंना फोन. "क्वचित असं होतं. गहू सोडूनही आतडं भरून येत नाही. घेऊन या, बघू." क्वचित म्हणजे किती ते विचारायचं होतं. फोन ठेवला.
मंदाला ते क्वचितचं सांगितलं न्हाई. बोलावलंय एवढंच सांगितलं.

४ ऑक्टोबर
सं.नगर. डॉक्टरबाईंनी ही डायरी मागितली. माझं हे सगळं रडगाणं त्यांना वाचावं लागलं, लाज वाटली. पण त्या फक्त खाण्याचं बघत होत्या. एका ओळीवर बोट थांबलं.
"ही दुधातली पूड कुठली?"
नाव सांगितलं.
"यात जवाचं माल्ट असतं. जवही बंद आहे तिला. कागदावर लिहून दिलं होतं मी."
दिलं होतं. कागद पाकिटातच होता. गहू, जव, रवा, मैदा. मी गहू वाचला आणि घाबरलो, जवावरनं नजर तशीच गेली. आमच्याकडं जव खातो कोण?
पस्तीस दिवस. दोन वेळा. माझ्या हातानं, चमच्यानं ढवळून.
बाई म्हणाल्या, कारण सापडलं हे चांगलंच झालं, आत्ता परत दुर्बीण नको. सलाईन लावलं, सोडलं.
एसटीत कावू माझ्या मांडीवर झोपली. तिच्या कपाळावर हात ठेवायची हिंमत होईना. तेलगाव आलं. मंदा खिडकीतनं बाहेर बघतच म्हणाली, "मीपण ढवळलंय. सगळं एकट्यावर घेऊ नका."

१२ ऑक्टो.
पोट तीन दिवस बरं. एकदाच. दुधात आता वेलदोडा आणि थोडा गूळ. "चॉकलेट कधी?" रोज विचारते. रोज.

१४ ऑक्टो.
दिवाळीचं दळण तोंडावर. सगळ्यांचा गहूच. ज्वारी-बाजरीवर घर चालत न्हाई, तिचं औषध तर न्हाईच न्हाई.
शकीलभाई म्हणाले, "कशाला बंद ठेवता? गिरणी ऱ्हाऊ द्या. घर हलवा. गॅरेजवरच्या दोन खोल्या रिकाम्या हायत." बायकोला विचारून आले होते म्हणे.
गव्हाचा दगड उद्यापासून सुरू. पाटी काढताना कावू मागच्या दारात उभी होती. वाचता येतं तिला आता.

१८ ऑक्टो.
मंदानं बेसन आणि तांदळाच्या पिठाची नानकटाई केली, कुकरमधे मीठ तापवून. हातात घेतली की भुगा. कावूनं वाटीत भुगा घेतला, वर दूध ओतलं, चमच्यानं खाल्ला. "खारीसारखं न्हाई. पण चालंल."
अनारसे जमले. ते पहिल्यापासून तांदळाचेच. देवा.

२१ ऑक्टो.
समोरच्या काकूंनी कावूच्या हातावर करंजी ठेवली. तिनं खाल्ली न्हाई. मुठीत धरून घरी आणली. "पप्पा, ही तुमी खा."
मी शाबासकी द्यायला पाहिजे होती. आधी तिचा हात धरून नळाखाली नेला, साबणानं कोपरापर्यंत घासला, नखं घासली. कातडी लाल झाली तरी घासतच होतो. ती रडायला लागली तेव्हा थांबलो.
मंदा म्हणाली, "ती तुमाला भ्यायला लागलीय. गव्हाला न्हाई."

२४ नोव्हेंबर
रक्ताचा रिपोर्ट. गव्हामुळं रक्तात वाढतो तो आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आलाय. पण बरोबर असायला पाहिजे त्याच्या अजून लई वर. व. १६.६.
डॉक्टरबाई : "उतरतंय. त्या पुडीमुळं वेळ लागत असेल. किंवा घरात अजून कुठून तरी जात असेल. आज नाही सांगता येणार. सहा महिन्यांनी परत रक्त." मग, "गिरणीचं काय केलं?"
घर हलवतोय म्हणलं. मान हलवली त्यांनी. पुरे का अपुरं, मानेवरनं कळलं न्हाई.

३० नोव्हें.
गॅरेजवर राहायला आलो. जुन्या गाद्या आणल्या न्हाईत. आता मी गिरणीतच आंघोळ करून, कपडे बदलून इकडं येतो. खाली दिवसभर हातोडा. शकीलभाईंच्या बायकोनं पहिल्या दिवशी जेवण पाठवलं, भात आणि दालचा, त्यांच्याकडची आंबट डाळ, वर निरोप : "हिंग घातला न्हाई. पातेलं नवं हाय."

८ डिसेंबर
शाळेची सहल. एका दिवसाची. कावूनं सहीचा कागद पुढं ठेवला. मी दोन दिवस सही केली न्हाई. दिवसभर ती आमच्या नजरेआड. नाश्ता, जेवण बाहेरचं.
शाळेतल्या बाईंना भेटलो. म्हणाल्या, "मी लक्ष ठेवीन. पण चाळीस लेकरं हायत माझ्याकडं, दत्तूभाऊ."
कावू म्हणाली, "मी खाणार न्हाई पप्पा. मला फक्त जायचंय."
सही केली.

१३ डिसेंबर, शनिवार
सहाला शाळेसमोर. डब्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गुळाचे लाडू, दोन केळी. पाण्याची बाटली वेगळी. मंदानं स्वेटरच्या खिशात चिठ्ठी घातली, हिला गहू चालत नाही, खाली माझा नंबर.
खिडकीची जागा मिळाली तिला. हात हलवत होती. बस सुरू झाली, अजून फाटकातच होती, तेवढ्यात शेजारच्या पोरीनं बिस्किटाचा पुडा फोडला. एक स्वतः घेतलं. पुडा कावूपुढं धरला.
कावूनं पुड्याकडं बघितलं. मग काचेतनं माझ्याकडं.
बस वळली.
मंदा विचारत होती, "काय झालं? काय बघितलं?" काही न्हाई म्हणलं. गिरणी उघडलीय. सात वाजलेत. सहल यायला अंधार पडंल.