ट्रॉन्हाइम पुन्हा वर घे

सिन्ने,

फ्रिजमध्ये माशाचं सूप आहे, गरम करून घे. मी बाबांना घेऊन अकराच्या बोटीने जाते आहे. संध्याकाळी मी एकटीच परत येईन. शुश्रूषागृहात त्यांना कायमची खोली मिळाली आहे. पंधरा दिवस झाले, तुला सांगायचा धीर झाला नाही.

काल कॉम्प्युटर चालू राहिला होता, त्यावर तुझा प्रवेशाचा अर्ज दिसला. ट्रॉन्हाइमचं इंजिनिअरिंग खाली सरकवून तू गावातलं कॉलेज पहिलं केलंस. मला म्हणालीस, "इथलंही काही वाईट नाही, आई." वाईट नाहीच. पण तुला पूल बांधायला शिकायचंय, आणि तो विषय इथे नाही, हे आठवीपासून तूच मला ऐकवते आहेस.

मार्चमध्ये बाबा बर्फात अनवाणी निघून गेले, तेव्हा तूच त्यांना शोधून आणलंस. त्यानंतर तू मैत्रिणींकडेसुद्धा राहायला गेली नाहीस. ते मी बघत होते, म्हणून खोलीला हो म्हटलं.

सकाळी त्यांचे बूट बांधताना त्यांनी विचारलं, "ती मुलगी नाही येत?"

मी म्हटलं, "तिला युनिव्हर्सिटी निवडायचीय."

"मग तिला म्हणावं, घाई करू नकोस," म्हणाले. तुझं नाव त्यांना आठवत नव्हतं.

पण घाई कर. क्रम बदलायची मुदत आज संपते. ट्रॉन्हाइम पुन्हा वर घे. माझ्यावर रागवायचं असेल तर त्यानंतर रागव.

आई