बावीस नणंदांचं स्थळ

एल्मिना, गुरुवार, १२ मार्च १९९८

चि. अराबा हीस आजीचे अनेक आशीर्वाद.

सगळ्यात आधी दारात आला तो टाय लावलेला बाप्या. मागून एक जाडजूड बाई, तिच्या हातात कागदात गुंडाळलेली दारूची बाटली. मी मासे धुरावर सुकवत होते. बाटली बघितली आणि ओळखलं, तुला मागणी घालायला आलेत. तुझ्या कोजोमामाला हाक मारली. बाई म्हणाली की मुलगी पसंत आहे, तिचे हात तर काय सांगावेत, आक्राला पाठवा, राहणं-खाणं आमच्याकडे. मामाने विचारलं, घरात माणसं किती. तर म्हणे बावीस मुली आधीच आहेत. बाई गं, बावीस नणंदा. मी पुढे बोलूच दिलं नाही. आमची पोर अजून गोल अडवतेय, अठराचीही नाही, असं सांगून बाटलीसकट परत पाठवलं.

बाजारात नवं कापड आलंय, हिरव्यावर पिवळे पंजे. कापडवाल्या मान्साबाईने त्याला 'अराबाचे हात' नाव देऊन धडाधड विकायला काढलंय. मला, सख्ख्या आजीला, फुकट देत नाही मेली.

हातमोजे उन्हात वाळवत जा. लोभ आहेच, तो धुऊन आटत नाही.

तुझी एफुआआजी

*

ताकोराडी, शनिवार, १४ मार्च

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग लगेच लिहायला बसले. आजी, ते स्थळ नव्हतं. ती आक्राच्या मोठ्या फुटबॉल संघाची माणसं. बावीस म्हणजे खेळणाऱ्या मुली. वडीलधाऱ्यांकडे रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून बाटली. मी लहान, म्हणून तुझी सही लागते, आणि पुढच्या शनिवारी यादी बंद होते. दुसरी गोलकीपर तयारच उभी आहे, असं आमचे कोच म्हणतात. तीन वर्षं मी याच बोलावण्याची वाट बघतेय गं. मामाला त्यांच्याकडे आक्राला धाड.

लोभ असावा, या वेळी जरा घाईने.

तुझी अराबा

*

एल्मिना, बुधवार, १८ मार्च

चि. अराबा हीस, चुकलेल्या आजीचे दुप्पट आशीर्वाद.

काल मंगळवार, होड्या समुद्रात जात नाहीत, म्हणून मामा मोकळा. त्याला माशांची टोपली देऊन पहाटेच आक्राला पिटाळलं. टायवाल्याने आधी तोंड फिरवलं, दारातून घालवलंत म्हणाला. मामा म्हणाला, साहेब, आमची आई आलेलं सगळंच परत पाठवते, नात कुणावर गेली ते तरी बघा. तो हसला आणि दोन मासे तिथेच खाल्ले.

मी मात्र निरोप दिलाय की बाटली पुन्हा आणा. ती मधोमध ठेवून तुला तीनदा विचारणार, लग्नात विचारतात तसंच, ही घ्यावी का म्हणून. तू तीनदा हो म्हणालीस तरच माझी सही. तुझ्या आईच्या लग्नात उत्तर तिन्ही वेळा मीच देऊन टाकलं होतं.

पंज्यांचं कापड शेवटी विकत घेतलं, बाटली येईल तेव्हाच नेसेन. पत्र आजच बसवाल्याच्या हाती धाडतेय, तू उद्या गुरुवारीच ये.

लोभ तिथेही घेऊन जा.

तुझी एफुआआजी

ता. क. पाहुणे शुक्रवारी दुपारी येतो म्हणालेत.