चौथ, पंचमी, षष्ठी

पेण, १५ सप्टेंबर १९९४

ती. सौ. शांतीताईस,
दत्तात्रेयाचा शि. सा. न. वि. वि.

गौरी-गणपतीला रोह्याला येणं जमलं नाही, रागावू नकोस. करंज्या पोचल्या. अर्ध्या शिक्षक-खोलीतच संपल्या.

यंदा दहावीचा वर्ग माझ्याकडे आहे, आणि पहिल्या दिवसापासून मी शिस्त लावली आहे. प्रार्थना संपल्यावर जो येईल, तो त्या दिवशी गैरहजर. सगळे सुधारले, एक प्रतिक्षा सोडून. धरमतर खाडीपलीकडच्या मिठागरवाल्यांची मुलगी. दहा दिवस वेळेवर, मग तीन दिवस उशिरा. विचारलं तर मान खाली. केस ओले, गणवेश कोरा करकरीत. म्हणजे उशिरा उठून निवांत अंघोळ करून येत असणार. परवा मी भर वर्गात, राजकन्येचं न्हाणं झालं का, असं विचारलं. मुलं हसली. तिची हजेरी आता इतकी कमी भरते की बोर्डाचा फॉर्मही जायचा नाही. वाईट वाटतं, पण नियम तो नियम.

भाऊजींना नमस्कार, मनालीला पापा. माया आहेच, तशीच राहू दे.

तुझा,
दत्तू

*

रोहे, १९ सप्टेंबर १९९४

चि. दत्तूस,
अ. उ. आ.

मी सांगते आणि मनाली लिहिते, म्हणून अक्षर चांगलं आहे.

पत्र वाचून घेतलं आणि दोन दिवस तुझा राग आला. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीच्या अंघोळीवरून चारचौघांत बोलायचं हे तुला कोणी शिकवलं? आपल्या आईनं तरी नाय. वयात आलेली मुलगी मान खाली घालते तेव्हा सांगण्यासारखं काही नसतं असं नाय, ऐकणारा माणूस बरा नसतो. तू तिच्या घरी गेलास का? नाय ना? मग जा. होडीत बसायला भितोस हे मला ठाऊक हाय, तरी जा.

बायकोला, मृणालीला जप. डोहाळे काय लागले ते कळव.

तुझी ताई

ता. क. मामा, आई हे सांगताना चपाती लाटत होती आणि लाटणं जोरात आपटत होती. – मनाली

*

पेण, २५ सप्टेंबर १९९४

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शुक्रवारी जाऊन आलो. आदल्या दुपारी अर्धी रजा काढून भरतीच्या वेळेला पलीकडे गेलो, प्रतिक्षाच्या वडिलांकडे, काळुरामकडे राहिलो आणि सकाळी मुलांबरोबर निघालो.

होडी खाडीच्या मध्यावर आली आणि गाळात रुतून बसली. पुढे पाणीच नाही. मुलं सवयीनं उतरली. दप्तर आणि गणवेशाचं गाठोडं डोक्यावर, मांडीपर्यंत चिखल. माझी एक चप्पल तिथेच राहिली. प्रतिक्षानं हात दिला नसता तर मीही राहिलो असतो. अलीकडच्या काठाला विहीर आहे. तिथे मुली आडोशाला चिखल धुतात, अंगभर पाणी घेतात, गणवेश घालतात आणि मग तासभर चालत शाळेत येतात. ताई, ते ओले केस हे होते.

मी विचारलं, की हे रोजचं का? तर म्हणाली, नाय गुरुजी, चौथ, पंचमी आन् षष्ठी, एवढंच. आज चौथ. चार पाऊण तीन. तीनाला भरती, म्हंजी सकाळी नवाला सुकती. उद्या पाच पाऊण पावणेचार. भरतीचा आणि सुकतीचा, म्हणजे ओहोटीचा, हिशेब तिनं तोंडी केला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे तिच्या आजोबांनी, शाळेचं तोंड न पाहिलेल्या कान्हूंनी, तिला शिकवलं. माझ्या वर्गात जिनं कधी तोंड उघडलं नाही, तिला पाऊणकी पाठ आहे. मला नाही.

शाळेत पोचलो तेव्हा तिसरा तास चालू होता. तसाच, चिखलाच्या पायांनी, आमच्या मुख्याध्यापिका म्हात्रेबाईंसमोर हजेरीपट आणि पंचांग ठेवलं. तिची प्रत्येक गैरहजेरी त्या तीन तिथींवर. बाईंनी एकेक तारीख पंचांगाशी ताडून पाहिली. मला वाटलं बोलणी बसणार. त्या एवढंच म्हणाल्या, की चूक तुमची आहे, तेव्हा दुरुस्ती तुमच्या अक्षरात करा, प्रत्येक खुणेपाशी कारण लिहा, खाली मी सही करते. बोर्डानं विचारलं तर मी जाईन. आणि त्याच दुपारी वेळापत्रक बदललं. या तिथींना दहावीचे पहिले दोन तास कवायत आणि चित्रकलेचे. गणित दुपारी.

वर्गासमोर उभं राहून मी प्रतिक्षाची माफी मागितली. कोणी हसलं नाही. तिनं मान वर केली, मग पुन्हा वहीत घातली.

तू रागावलीस म्हणून हे झालं. अशीच अधूनमधून रागवत जा.

तुझा,
दत्तू

*

रोहे, २० फेब्रुवारी १९९५

चि. दत्तूस,
अ. उ. आ.

बीजगणिताचा पेपर नेमका पंचमीला आला, आणि म्हणून प्रतिक्षा आणि तिच्याच गावचे प्रविण, साहिल परीक्षाभर तुझ्याकडे राहणार, हे वाचलं. चांगलं केलंस. पण मृणाली माहेरी बाळंतपणाला गेलेली, आणि तुझा भात मी खाल्लेला हाय. पोरं नापास व्हायची ती त्या भातानं होतील.

मी येते. शेतात वाल उपटायचे राहिलेत, हे म्हणाले की आत्ताच कशाला. मी म्हटलं, वाल आठवडाभर थांबतील, बोर्ड थांबत नाय. शनिवारच्या एसटीनं निघते. पोहे, पापड आणि तूप आणते. मुलीसाठी वेगळी खोली झाडून ठेव.

माझी शाळा चौथीत सुटली. दहावीचा अभ्यास कसा करतात ते एकदा जवळून बघायचं हाय.

तुझी ताई

*

पेण, २४ जून १९९५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

निकाल लागला. साहिल पास. प्रविण इंग्रजीत गेला. तो रडत होता तोवर म्हात्रेबाईंनी ऑक्टोबरचा फॉर्म काढून त्याच्यापुढे ठेवला आणि रोज शाळा सुटल्यावर आपल्याकडे यायला सांगितलं. प्रतिक्षाला पहिला वर्ग, बीजगणितात पंचाहत्तरपैकी अडुसष्ट. तुझ्या पोह्यांचा वाटा तिनं आठवणीनं सांगितला.

तिची गुणपत्रिका न्यायला तिचा बाप काळुराम आला होता. तो शाळेत कधी आला नव्हता. पायाला चिखल म्हणून पायरी चढेना, अंगणातच पावसात उभा. मी वर बोलावून थकलो. तेवढ्यात बाई बाहेर आल्या, छत्री न घेता खाली उतरल्या आणि त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. मी धावत छत्री नेली. गुणपत्रिका पदराआड धरून त्यांनी एकेक विषय आणि त्याचे गुण वाचून दाखवले. काळुराम डोळे मिटून ऐकत होता.

वाचून झालं. बाईंनी कागद पुढे केला, तर त्यानं हात मागे घेतला. म्हणाला, बाय, माझं हात वलं हायत. परत एक बार वाचा.

बाईंनी पुन्हा वाचलं. या वेळी पोरीच्या नावापासून, सावकाश.

तुझा,
दत्तू