बावणे बँडच्या पाटीबाबत

मी, ताराचंद डोमाजी बावणे, वय ७६, धंदा लग्नाच्या बँडचा, राहणार नंदनवन, नागपूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरबाईंनी दिला आहे. पत्नी रुखमाबाईचे मत वेगळे आहे, ते येथे नोंदवीत नाही.

१. राहते घर पत्नीला. तिच्या हयातीत मुलगा साहिल याने ते विकण्याचा विषय काढू नये.

२. 'बावणे आणि सन्स ब्रास बँड' गाडी, वाजे, वर्द्या व जनरेटरसह साहिलला. त्याला डीजे लावायचा आहे. लाव बापा, पण मी गेल्यावर.

३. अठ्ठावीस कॅसेटी नात दामिनीला, कारण ती ऐकते. त्यांत परदेशातल्या अशा पियानोवाल्यांचे जॅझ आहे, ज्यांना त्यांच्या गावातही कोणी विचारले नाही. माझे साळे मधुकरराव यांना हात लावू देऊ नये. त्यांनी एका कॅसेटवर स्वतःच्या पोरीच्या लग्नातली मंगलाष्टके टेप केली.

४. या कॅसेटी मला अनंता हटवारने दिल्या. तो बत्तीस वर्षे माझ्याकडे ठेल्यावर बांधलेला कीबोर्ड वाजवतो. खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत एका इंजिनिअरच्या पियानोवर शिकला आणि वरातीतही जॅझच वाजवत आला. लोकांना वाटे, हा सूर चुकवून राहिला. मौदा गावच्या एका लग्नात तो नागीण धूनमध्ये शिरला तो परतलाच नाही. नाचणारे रस्त्यावर फणा काढून ताटकळले, मुहूर्त टळला, आणि मी चारचौघांत त्याच्या कानाखाली मारली. इतके सुंदर मी जन्मात ऐकले नव्हते, हे मला तेव्हाही कळत होते. तरी मारले. त्याची लाज वाटते.

सबब, माझ्या मृत्यूनंतर गाडीच्या पाटीवर माझ्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत 'पियानो: अनंत हटवार' असे लिहावे.

५. अनंता या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे. साक्षीदाराला काही देऊ नये, असे वकील म्हणतात. अडचण नाही. पगाराशिवाय मी त्याला कधी काही दिलेले नाही.

६. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, पण अनंताने वाचला. म्हणाला, "तुमी मेल्यावर माहं नाव लावसान का, मालक? माहे बोटं आतापासूनच आखडून राहिले. तवा पाटी राहीन, वाजवणारा नाही. आज काहून नाही लावत?"

रुखमाबाई आतून म्हणाली, "बरोबर बोलून राहिला तो. लावा न आजच."

मौद्याबद्दल मी त्याची तोंडी माफी मागितली. त्यावर तो दोन कप चहा प्याला.

७. कलम ४ मधील पाटीची अट रद्द. पेंटर अंकुश आला असून 'आणि सन्स' पुसून जागा करत आहे. साहिल रागावला आहे. त्याने कलम २ वाचून शांत व्हावे.

नागपूर, दि. ९ फेब्रुवारी २०२५

ताराचंद डोमाजी बावणे (सही)

साक्षीदार:
डॉ. उत्तरा देशकर (सही)
अनंत नामदेव हटवार, पियानोवादक (सही)

टीप: शेवटच्या सहीवरचा पिवळा डाग पाटीच्या ओल्या रंगाचा आहे. खाडाखोड समजू नये.