नावानं हाक नको

मिंडू,

तुम्ही तिघं रानातली ड्युरियनची फळं वेचायला गेलात ते परतलाच नाहीत. हे पत्र धाडायला पत्ता नाही, तरी लिहिते, कारण आपल्या बिऱ्हाडात मला उलट बोलणारं कुणी उरलं नाही.

शहरातून शोधपथक आलंय. दिवसभर कर्ण्यातून ओरडतात, "जाराऊ! मिंडू! लिमा!" मी साहेबांना म्हटलं, "बंद करा ते. रानात नावानं हाक आली की आमची माणसं ओ देत नाहीत, लपतात. भुतं नावानंच बोलावतात." साहेब हसले. "आजी, जिवावर बेतल्यावर असलं कोण पाळतं?"

तू पाळशील. माझ्या लेकाशी, जाराऊशी, लग्न करून आलीस तेव्हा मीच तुला हे शिकवलं. माझं बाकी काही ऐकलं नाहीस, भात रोज करपवलास. पण एवढं मात्र लिमाकडूनही घोकून घेतलंस. आज ओढ्यापलीकडे चिखलात तुमची ताजी पावलं सापडली. नातीची इवली पावलंही होती. सगळी कर्ण्याकडे पाठ करून वर डोंगराकडे गेलेली.

उद्या उजाडताच मी पथकाच्या पुढे चालणार आहे. कर्णा बंद ठेवायला लावीन. नाव कुणाचंच घेणार नाही. "ए भातजाळे, कुठं मेलीस गं?" असंच ओरडेन. भुतांना नावं ठाऊक असतात. आपल्या दोघींची भांडणं त्यांना कुठून कळणार?

फक्त एकदा उलट बोल, पोरी.

तुझी खाष्ट सासू